ख्रिस्ती साहसकथेचं चॅप्टर बुक लिहायचंय? मग वचनापासून नाही, अडचणीपासून सुरुवात करा

लहान मुलांसाठी ख्रिस्ती साहसकथा लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं मी बरीच वाचते आणि बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं. सुरुवातीला छान गुहा असते, वादळ असतं, हरवलेला नकाशा असतो, आणि मग सहाव्या प्रकरणात एक प्रेमळ आजोबा येतात आणि चार पानं उपदेश करतात. मूल तिथेच पुस्तक मिटतं. लेखकाला वाटतं आजकालच्या मुलांना विश्वासाच्या गोष्टी नको झाल्यात, पण तसं अजिबात नाहीये, मुलांना फक्त गोष्ट मध्येच थांबवलेली चालत नाही.

असं होतं कारण कामाचा क्रम उलटा लागतो. आधी वचन, म्हणजे बायबलमधली एखादी ओळ, निवडलं जातं, मग त्यातला बोध काढला जातो, मग बोधाला शोभेल असा गुणी मुलगा, आणि शेवटी वरून थोडं साहस भुरभुरवायचं. खालचा क्रम वेगळा आहे. सगळ्या टप्प्यांना मी एकच उदाहरण धरलंय, बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय २३ मधला, येशूचा प्रेषित पौल याचा भाचा, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नेमकं काय करायचं ते दिसेल. तो अध्याय आधी एकदा वाचून या, दहा मिनिटं लागतील.

## १. वाचक किती वर्षांचा ते आधी ठरवा

चॅप्टर बुक म्हणजे चित्रांचं पुस्तक संपलं आणि जाड कादंबरी अजून झेपत नाही अशा मधल्या मुलांचं पुस्तक. वय साधारण ६ ते १०. लांबी ५,००० ते १५,००० शब्द, प्रकरणं आठ ते बारा, एक प्रकरण एका बैठकीत संपणारं. तुमचा ड्राफ्ट ३५,००० शब्दांवर गेला असेल तर तुम्ही ८ ते १२ वयाची मोठी कादंबरी लिहिताय, ती वाईट नाही, पण ते वेगळं पुस्तक आहे आणि त्याचा वाचकही वेगळा.

"६ ते १२ सगळ्यांसाठी" असं लिहून पाठवू नका. सहा वर्षांच्या मुलाला चाळीस माणसं एकाला मारायची शपथ घेतायत हे कितपत सांगायचं आणि दहा वर्षांच्याला कितपत, याचं उत्तर एक नाहीये. एक वय धरा, शक्यतो तुमच्या ओळखीचं त्या वयाचं एक खरं मूल डोळ्यांसमोर धरा, आणि शेवटपर्यंत त्यालाच सांगा.

तपासा: त्या मुलाला रात्री झोपताना हे प्रकरण वाचून दाखवाल का? कचरलात तर वय तरी बदला नाहीतर प्रसंग.

## २. गोष्टीची जात ठरवा

इथे फार वेळ घालवू नका. ढोबळमानाने चार जाती आहेत: पवित्र शास्त्रातल्या काळात घडणारी, नंतरच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) इतिहासात घडणारी, आजच्या मुलांची, आणि पूर्ण कल्पनेतल्या जगाची. कुठलीही चालते. पण एकच निवडा. आजची मुलं जादूच्या दारातून यरुशलेमला जातात, तिथे बोलणारा गाढव भेटतो आणि परत येऊन ती शाळेतला चोर पकडतात, हे तीन पुस्तकांचं सामान आहे आणि दहा प्रकरणांत ते मावत नाही.

## ३. अडचण एका वाक्यात लिहा

आता वही उघडा. वचन लिहू नका, बोध लिहू नका. एक मूल आणि त्याच्यासमोरची अडचण, एवढंच एका वाक्यात.

आपल्या उदाहरणात: एका मुलाने ऐकलंय की उद्या त्याच्या मामाला मारणार आहेत, मामा शिपायांच्या गढीत कैदेत आहे, आणि हे फक्त त्यालाच माहीत आहे.

या वाक्यात विश्वासाबद्दल एक शब्द नाहीये तरी छाती धडधडते. आता याच्या शेजारी हे ठेवून बघा: "एका मुलाला कळतं की देव आपल्या लोकांचं रक्षण करतो." हे खरं आहे, पण यात मुलाला करायला काहीच नाही. "कळतं", "शिकतो", "उमजतं" या शब्दांवर संपणारं वाक्य आलं की खोडा आणि परत लिहा.

चांगल्या अडचणीत तीन गोष्टी असतात: वेळ कमी असतो, मोठी माणसं मदतीला सहज मिळत नाहीत, आणि गप्प बसलं तर कोणाचं तरी खरंच नुकसान होणार असतं. तिसरी गोष्ट लेखक हमखास विसरतात. खजिना नाही मिळाला तर काय? काही नाही, सगळे घरी जातील. अशा गोष्टीत धैर्याची कसोटी कुठे लागणार?

सावधान: अडचण मुलाच्या चुकीमुळेच यायला हवी असं काही नाही. प्रत्येक संकट म्हणजे खोटं बोलल्याची शिक्षा असं दाखवत गेलं की मुलांच्या मनात देवाचं भलतंच चित्र तयार होतं, आणि आजारी असलेल्या किंवा घरात दुःख असलेल्या मुलाला ते फार लागतं.

## ४. दोन याद्या करा: काय लिहिलेलं आहे आणि काय नाही

शास्त्रातला प्रसंग घेतला असेल तर हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच सगळ्यात जास्त लोक गाळतात कारण "आपल्याला माहितीये ती गोष्ट" असं वाटतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आणि मजकुरात असलेली गोष्ट यांत फरक असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, किती होते ते दिलेलं नाही आणि ते घरात येतात, गोठ्यात नाही. योनाला गिळणारा नुसता "मोठा मासा" आहे, देवमासा नाही. दानीएल सिंहांच्या गुहेत तरुण नव्हता, तो इ.स.पू. ६०५ च्या सुमाराला बाबेलला (बॅबिलॉनला) नेला गेला आणि गुहेचा प्रसंग ५३९ ला बाबेल पडल्यानंतरचा, म्हणजे तेव्हा तो ऐंशीच्या घरातला म्हातारा माणूस होता, आणि खरं सांगू का, सिंहांसमोर शांत बसलेला म्हातारा दानीएल मला त्या चित्रातल्या तरुणापेक्षा कितीतरी जास्त भिडतो.

तर पान उभं दुमडा. डावीकडे जे लिहिलंय ते:

चाळीसहून जास्त माणसांनी शपथ घेतली की पौलाला मारेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही. पौलाच्या बहिणीच्या मुलाने हे ऐकलं. तो गढीत गेला आणि पौलाला सांगितलं. पौलाने एका शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांच्या नायकाला, बोलावलं आणि मुलाला गढीच्या सरदाराकडे न्यायला सांगितलं. सरदाराने त्याचा हात धरून त्याला बाजूला नेलं आणि ऐकून घेतलं. मग बजावलं की तू मला हे कळवलंस हे कोणाला सांगू नकोस. त्याच रात्री तिसऱ्या तासाला, म्हणजे आपल्या नऊच्या सुमाराला, २०० शिपाई, ७० स्वार आणि २०० भालेकरी पौलाला घेऊन कैसरियाकडे निघाले. एका कैद्यासाठी ४७० माणसं! मुलांना हा आकडा फार आवडतो, तो गाळू नका.

उजवीकडे जे लिहिलेलं नाही ते: मुलाचं नाव. वय. त्याने हे कुठे आणि कसं ऐकलं. गढीत शिरताना कोणी अडवलं का. त्याची आई कुठे होती. पुढे त्याचं काय झालं.

तुमच्या कल्पनेचं अंगण म्हणजे ही उजवी बाजू. तिथे मनसोक्त खेळा. डाव्या बाजूला हात लावायचा नाही. सरदाराला दुष्ट करू नका, मजकुरात तो लक्ष देऊन ऐकतो. पौलाला स्वतः पळून जायला लावू नका.

तिसरी एक छोटी यादीही करा, काळाची. पहिल्या शतकातल्या स्वाराला रिकिबी नसतात. कागद नसतो, गुंडाळ्या असतात. घड्याळ बघून कोणी "पाच मिनिटांत येतो" म्हणत नाही. स्वयंपाकात बटाटा, टोमॅटो, मका येऊ देऊ नका, ते सगळं अमेरिका खंडातून खूप नंतर जगभर पसरलं.

सावधान, हे नीट वाचा: कट करणारे यहूदी होते हे लिहिताना पौल, त्याची बहीण आणि तो मुलगा हेसुद्धा यहूदीच होते हे मुलाला पानावर दिसलं पाहिजे. "यहूदी लोक पौलाला मारायला निघाले" असं लिहून मोकळं झालात तर एका अख्ख्या समाजाबद्दल वाईट बी पेराल. "त्या चाळीस माणसांनी" असं लिहा. आजच्या काळातल्या गोष्टींनाही हेच लागू, खलनायक म्हणून दुसऱ्या धर्माचा, वेगळ्या रंगाचा किंवा अपंग माणूस उभा करायचा नाही.

## ५. निर्णयाची जागा शोधा

अख्ख्या पुस्तकाचा खिळा इथे आहे. विश्वास भाषणात दाखवता येत नाही, तो निर्णयात दिसतो. तुमच्या मुलाला एका क्षणी दोन वाटा दिसल्या पाहिजेत, दोन्ही महाग असल्या पाहिजेत, आणि त्याने स्वतः एक निवडली पाहिजे.

भाच्यापुढच्या वाटा बघा. गप्प राहिला तर मामा मरेल. बोलला तर चाळीस संतापलेली माणसं त्याला शोधतील, आणि गढीतले शिपाई त्याचं ऐकतीलच याची काहीच खात्री नाही. तो दारापर्यंत जातो, पाय थरथरतात, मागे फिरावंसं वाटतं. तरी जातो. एवढंच. इथे "कारण त्याचा देवावर विश्वास होता" हे वाक्य लिहायचा मोह होईल. लिहू नका, मुलाला दिसतंय ते.

मग प्रार्थना कुठे घालायची? घालाच, पण तिला गोष्टीतली अडचण सोडवायचं यंत्र करू नका. हस्तलिखितांमध्ये नेहमी दिसणारा प्रसंग म्हणजे मुलं गुहेत अडकतात, डोळे मिटून प्रार्थना करतात, डोळे उघडतात तर बाहेर पडायची वाट समोर. वाचणारं मूल उद्या घरी कोणासाठी तरी प्रार्थना करणार आहे आणि कदाचित ते माणूस बरं होणार नाही, तेव्हा तुमचं पुस्तक त्याच्याशी खोटं बोललं असं त्याला वाटेल.

प्रेषितांची कृत्येच याबाबतीत किती प्रामाणिक आहे बघा. अध्याय १२ मध्ये हेरोद राजा याकोबाला तरवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. एक मेला, एक सुटला, आणि का ते लिहिलेलं नाही. शिवाय मंडळी पेत्रासाठी प्रार्थना करतेय, पेत्र दारात उभा आहे असं रूदा नावाची मुलगी धावत येऊन सांगते, तर सगळे तिलाच वेडी म्हणतात! आणि २३ मध्ये? आदल्या रात्री प्रभू पौलाजवळ उभा राहून धीर धर म्हणतो, तुला रोमातही साक्ष द्यायची आहे म्हणतो, पण दुसऱ्या दिवशी देवदूत येत नाही. एक मुलगा येतो. बालनायकाची गोष्ट लिहिणाऱ्याला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

म्हणून माझा नियम असा: प्रार्थनेनंतर परिस्थिती लगेच बदलू नये, मुलगा थोडा बदलावा. भीती जात नाही, पण पुढचं पाऊल टाकण्याइतका धीर येतो.

तपासा: तुमच्या गोष्टीतून नायक काढून टाकला तरी शेवट तसाच होतो का? होत असेल तर निर्णय त्याचा नाहीये, टप्पा ३ वर परत जा.

## ६. प्रकरणांचा आराखडा

ड्राफ्ट सुरू करायच्या आधी प्रत्येक प्रकरणाला दोन ओळी लिहा: काय घडतं, आणि शेवटी कुठला प्रश्न उरतो. दहा प्रकरणं, प्रत्येकी हजार शब्द धरले तर माझा आराखडा साधारण असा होईल. पहिल्या दोनांत गढीच्या पायऱ्यांवरचा गोंधळ आणि मामाला धरून नेलेलं. तिसऱ्यात मुलगा चुकून नको ते ऐकतो. चौथं अख्खं फक्त "सांगू कोणाला?" यावर. पाच आणि सहा गढीपर्यंतची वाट आणि दार. सातव्यात मामाची भेट. आठव्यात सरदार हात धरून बाजूला नेतो. नववं, अंधारात टापांचा आवाज आणि ४७० माणसं. दहावं छोटं, तो घरी येतो आणि कोणाला काही सांगू शकत नाही, आईलासुद्धा नाही.

निर्णय पाच-सहाच्या आसपास आला की नाही बघा. नवव्यात आला तर आधीची आठ प्रकरणं नुसती वाट बघण्यात जातात.

प्रत्येक प्रकरण लोंबकळत सोडायचं म्हणून प्रत्येक वेळी कड्यावरून पाय घसरायला हवा असं नाही. "दार आतून उघडलं" एवढंही पुरतं. आणि निदान एक प्रकरण शांत संपू द्या, मुलांनाही श्वास घ्यायचा असतो.

## ७. ड्राफ्ट लिहिताना

नुकतं वाचायला लागलेलं मूल जोडाक्षरांवर अडखळतं. "पश्चात्ताप", "सामर्थ्य", "पुनरुत्थान" हे एका पानात आले की ते मूल दमतं, आणि थकवा शब्दांचा असला तरी त्याला वाटतं की गोष्टच कंटाळवाणी आहे. असा शब्द हवाच असेल तर एका प्रकरणात एक ठेवा आणि प्रसंगातून त्याचा अर्थ कळू द्या. वाक्य आठ-दहा शब्दांचं, कधीतरी एखादं लांब.

संवादात शास्त्राची भाषा नको. पौल भाच्याशी बोलतोय, मामा भाच्याशी बोलतो तसा बोलू द्या. "हे बालका, भयभीत होऊ नकोस" नाही, "घाबरलास? इकडे ये. आता नीट सांग, काय काय ऐकलंस?"

नायकाला एक खोट द्या. तो उतावळा असेल, किंवा सारखा लपतो, किंवा त्याला गुपित पोटात ठेवता येत नाही (आपल्या गोष्टीत तर हे भारीच जमेल, कारण शेवटी त्याला नेमकं तेच करायचंय). नेहमी खरं बोलणारा, सकाळी स्वतः उठणारा, सगळी वचनं पाठ असलेला मुलगा वाचणाऱ्या मुलाला आपला वाटत नाही.

एक सवय लावा, ड्राफ्ट पूर्ण होईपर्यंत मागे जाऊन सुधारायचं नाही. पहिली तीन प्रकरणं घासूनपुसून चकचकीत आणि पुढचं काहीच नाही अशी कितीतरी पुस्तकं मी बघितली आहेत.

## ८. उपदेश कापा

ड्राफ्ट आठवडाभर बाजूला ठेवा. मग रंगीत पेन घ्या आणि जिथे जिथे मोठं माणूस मुलाला काहीतरी समजावतंय तिथे खूण करा. आता प्रत्येक खुणेपाशी विचारा, हे काढलं तर गोष्ट कळायची थांबते का? बहुतेक ठिकाणी नाही थांबत. काढा. प्रकरणाचं शेवटचं वाक्य खास तपासा, बोध तिथेच लपून बसतो.

वचन गोष्टीत आणायचं असेल तर ते पात्राच्या गरजेतून येऊ द्या. रात्री झोप येत नाही म्हणून आईने शिकवलेल्या स्तोत्राची एक ओळ तो पुटपुटतो, अर्धी विसरतो, तेवढंच पुरे. लांब वचन छापणार असाल तर कुठल्या भाषांतरातलं ते बघा, कारण मूळ मजकूर कितीही जुना असला तरी नव्या भाषांतरांवर प्रकाशकाचा कॉपीराइट असतो. किती ओळींपर्यंत परवानगी लागत नाही आणि श्रेय कसं द्यायचं ते बहुधा त्या प्रतीच्या सुरुवातीच्या पानावर छापलेलं असतं. पुस्तक छापायला गेल्यावर हे शोधू नका.

तपासा: पालकांसाठी प्रश्न किंवा चर्चेचे मुद्दे द्यायचे असतील तर पुस्तकाच्या शेवटी वेगळ्या पानावर द्या, प्रकरणांच्या मध्ये नाही. प्रश्नही उघडे हवेत. "तो दारापाशी थांबला तेव्हा तू काय केलं असतंस?" हा प्रश्न. "यातून आपण काय शिकलो?" ही परीक्षा.

## ९. चित्रं आणि मांडणी

हे थोडक्यात. प्रकरणाला एक काळंपांढरं चित्र पुरतं. चित्रकाराला टप्पा ४ च्या तिन्ही याद्या द्या, नाहीतर रिकिबी आणि कागद चित्रातून परत येतात. चित्रात पुढचं रहस्य फुटणार नाही हे बघा. टाइप १४ ते १६ पॉइंट, ओळींमध्ये मोकळी जागा, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना चिकटले की नव्या वाचकाची ओळ चुकते.

## १०. मुलांना वाचून दाखवा, आणि गप्प बसा

स्वतःच्या मुलांना नको, ती तुमच्या प्रेमापोटी ऐकतात. तीन-चार दुसरी मुलं, तुम्ही ठरवलेल्या वयाची, त्यात निदान एक असं जे संडे स्कूलला जात नाही. एका वेळी एकच प्रकरण मोठ्याने वाचा, हजार शब्दांना आठ-दहा मिनिटं लागतात. हातात पेन्सिल ठेवा. कोणी चुळबुळ केली की समासात रेघ, कोणी "मग?" म्हणालं की फुली. वाचून झाल्यावर "आवडलं का?" विचारू नका, मुलं हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी विचारा, काल काय झालं होतं सांग बरं. त्यांनी जे गाळलं ते तुम्हीही गाळू शकता.

आणि मुलांनी विचारलेला प्रश्न लिहून ठेवा, त्याचं उत्तर तिथल्या तिथे देऊ नका. मी ही भाच्याची गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं की त्या चाळीस माणसांनी मग जेवण केलं की नाही. मजकुरात ते नाहीच, म्हणजे उजव्या बाजूच्या यादीत एक ओळ वाढली, आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये दहाव्या प्रकरणात एक उपाशी, ओशाळलेला माणूस त्या मुलाच्या घरासमोरून जातो.

रेघा जास्त पडलेल्या प्रकरणाला परत टप्पा ६ पासून घ्या, नुसते शब्द बदलत बसू नका. मग वेगळ्या मुलांपुढे पुन्हा वाचा, पहिल्या मुलांना शेवट माहीत झालेला असतो.